कळसूबाईपेक्षा उंच, तान्ह्या बाळासह

‘अजून पोराची टाळूसुद्धा भरली नाही, आणि एवढ्या वर न्यायचं म्हणता?’

इंदापुरातल्या एका आजींचा हा प्रश्न. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, जावई जर्मनीत. सव्वा महिना झाला, बारसं झालं, पासपोर्ट आला, व्हिसा झाला, आणि चौथा महिना लागल्यावर निघायची वेळ आली. घरात प्रत्येकाची आपली एक काळजी. आजींना टाळूची, आजोबांना कानाची, बाळाच्या आईला शेजारच्या प्रवाशांची. मावशी म्हणाली, कानात कापूस घाला म्हणजे झालं.

या सगळ्या काळज्यांचा उगम एकच आहे, हवेचा दाब. तो नीट समजला की कोणती काळजी खरी आणि कोणती सोडून द्यावी, हे आपलं आपल्यालाच ठरवता येतं. म्हणून आधी बाळाला बाजूला ठेवू आणि हवेकडे बघू.

१. कडब्याची गंज

कडब्याची गंज रचली की तळातल्या पेंढ्या दबून जातात आणि वरच्या मोकळ्या राहतात, कारण तळातल्या पेंढीवर सगळ्या गंजीचं वजन असतं. हवेचंही तसंच. मुंबईच्या किनाऱ्यावर आपण गंजीच्या तळाशी असतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंच, म्हणजे थोडा वरच्या थरात. जितकं वर जावं तितकी हवा विरळ.

प्रवासी विमान साधारण ३५ हजार फुटांवरून जातं. तिथे हवेचा दाब किनाऱ्यावरच्या पाव हिश्शाहूनही कमी आणि तापमान उणे ५० अंशांच्या आसपास. त्या हवेत माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडेल. म्हणून बाहेरची विरळ हवा दाबून विमानात भरतात, सायकलच्या ट्यूबमध्ये पंपाने भरतात तशी.

मग मुंबईइतकाच दाब का भरत नाहीत? कारण विमान हा धातूचा फुगा आहे. प्रत्येक उड्डाणात तो फुगतो आणि उतरताना सैल होतो. जास्त फुगवला तर पत्रा लवकर थकतो. १९५४मध्ये ‘कॉमेट’ जातीची विमानं हवेत फुटली, त्यामागे धातूचा हा थकवाच होता. शेवटी तडजोड झाली ती अशी, की विमान कितीही उंच गेलं तरी आतला दाब ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो त्यापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. ८ हजार फूट म्हणजे सुमारे २४०० मीटर.

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे विमानात बसलेलं बाळ पस्तीस हजार फुटांवर नसतं. ते कळसूबाईवर आणखी अर्धी कळसूबाई रचली, तर तिच्या माथ्यावर जशी हवा असेल तशा हवेत असतं. काही नव्या विमानांत आतली ‘उंची’ ६ हजार फुटांच्या आसपासच ठेवतात, आणि पुणे–बंगळूरसारख्या छोट्या उड्डाणातही ती बहुतेक वेळा ८ हजारांच्या खालीच राहते.

आजींना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, ‘मग महाबळेश्वरला बाळं जन्मत नाहीत होय?’ जन्मतात. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. प्रश्न उंचीचा फारसा नाहीच. प्रश्न आहे तो उंची किती झपाट्याने बदलते याचा.

२. वेफर्सचा पुडा

घाट चढून महाबळेश्वरला गेल्यावर पिशवीतला वेफर्सचा पुडा टम्म फुगलेला दिसतो. आत कुणी हवा भरलेली नसते. बाहेरचा दाब कमी झाला, म्हणून आतली कोंडलेली हवा पसरली.

हिशेब सोपा आहे. किनाऱ्यावरचा दाब १०१३ मिलिबार धरतात आणि ८ हजार फुटांवर तो सुमारे ७५३ असतो. १०१३ भागिले ७५३ केलं की १.३५ येतं. म्हणजे मुंबईत बाळाच्या पोटात १०० मिलिलिटर हवा कोंडली असेल, तर वर तीच १३५ मिलिलिटर जागा मागते. पुण्याहून निघालं तर १२५च्या आसपास. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आपली जुनी सवय इथे उपयोगी पडते. विमानात किरकिर करणारं बाळ पुष्कळदा कानाने नाही, पोटाने त्रासलेलं असतं. लंगोट किंवा डायपर कमरेला घट्ट असेल तर तो सैल करून बघावा.

३. रसवंतीतली नळी

आता कान. पडद्यामागे हवेची एक छोटी खोली असते, मधला कान. या खोलीतून एक बारीक नळी घशाच्या मागे उघडते, आणि ती एरवी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा घशाचे स्नायू ती क्षणभर ओढून उघडतात आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो. ती उघडली नाही की कानात दडे बसतात.

विमान चढताना बाहेरचा दाब घटतो आणि खोलीतली हवा पसरून नळीतून आपली वाट काढत बाहेर पडते, कुकरच्या शिट्टीतून वाफ निघते तशी. चढताना त्रास कमी होतो तो यामुळे. उतरताना उलटं घडतं. बाहेरचा दाब वाढतो, आत हवा कमी पडते आणि पडदा आत ओढला जातो. हवा आत जायला हवी, पण नळीची बाहेरची बाजू दाबली जाऊन ती आणखीच मिटते.

बारामती–इंदापूरच्या रस्त्यांवर रसवंत्यांना तोटा नाही. तिथे हल्ली कागदी नळी देतात. ती भिजून मऊ झाली की एक गंमत करून बघा. नळीत फुंकलं तर हवा निघून जाते, पण चोखलं की नळी चपटी होते आणि रस वर येतच नाही. उतरताना कानाच्या नळीचं नेमकं हेच होतं. चपटी नळी चोखून उघडत नाही, ती बोटांनी दाबून गोल करावी लागते. कानाच्या नळीला ही बोटं म्हणजे गिळण्याचे स्नायू.

मोठ्या माणसाची ही नळी तिरपी उतरते. तान्ह्या बाळाची आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते, तिच्याभोवतीचे स्नायूही अजून तयार व्हायचे असतात. शिवाय ‘आवंढा गीळ’ असं बाळाला सांगता येत नाही. म्हणून आपण त्याला गिळायला लावायचं. अंगावर पाजायचं, बाटली द्यायची, नाहीतर चोखणी. उतरताना बाळ दूध ओढतंय एवढं साधलं की निम्मी लढाई संपली.

यात नेहमीची चूक वेळेची होते. विमान सुटायच्या आधी तासभर थांबावं लागतं, तिथे बाळ रडतं, आई पाजते, बाळाचं पोट भरतं. मग खरी गरज असते तेव्हा ते तोंड फिरवतं. दुसरी चूक, चाकं टेकायच्या सुमारास पाजायला घेणं. तोवर उशीर झालेला असतो. विमानातला दाब मिनिटाला साधारण ३०० फुटांच्या बेताने वाढवत आणतात. ८ हजारांना ३००ने भागलं तर सव्वीस-सत्तावीस मिनिटं येतात. म्हणजे उतरायला अर्धा तास आहे अशी घोषणा झाली की तयारीला लागायचं, आणि एकदम पोटभर न पाजता थांबत थांबत पाजायचं. बाळ गाढ झोपलं असेल तर? झोपेत गिळणं फार कमी होतं, म्हणून मी तरी हलकेच उठवायच्या बाजूचा आहे. झोपलेल्या बाळाला उठवणं पाप, असं मानणाऱ्या आयांशी मात्र मी वाद घालत नाही.

आणि रडलंच तर? रडताना घसा हलतो, मध्ये मध्ये गिळलंही जातं, आणि कधी कधी तेवढ्यानेच नळी सुटते. शेजारचा प्रवासी कपाळाला आठ्या घालतो तेव्हा बाळ आपला इलाज आपणच करत असतं.

याची रंगीत तालीम आपल्याकडे रस्त्यावरच होते. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. बोरघाटात बाळ एकाएकी कळवळून रडलं तर ‘दृष्ट लागली’ म्हणण्याआधी कानाचा विचार करावा. विमान कळसूबाईच्याही वरच्या हवेतून मुंबईच्या किनाऱ्याशी उतरतं तेव्हा असे चारहून अधिक बोरघाट एका दमात उतरतं. बंगळूरचा विमानतळ मात्र मुळातच ९१५ मीटरवर आहे. तिथे जाणाऱ्या बाळाला कमी उतरावं लागतं, आणि दुबईला किंवा मुंबईला जाणाऱ्याला पुरतं.

सर्दीने ही नळी सुजते. नाक चोंदलेलं असेल, कान वाहत असेल किंवा कानाला संसर्ग झाला असेल, तर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. तिकीट पुढे ढकललं तर पैसे जातात, इतकंच.

४. टाळू, कापूस आणि झोपेचं औषध

टाळू म्हणजे कवटीची हाडं अजून जुळली नाहीत अशी जागा. तिच्याखाली जाड, चिवट पडदा असतो. हवेचा दाब शरीराला सगळीकडून सारखाच लागतो, टाळूवर वेगळा असा पडत नाही. त्यामुळे टाळू भरली नाही म्हणून विमान टाळायचं कारण नाही. टाळू बघत राहावी ती दुसऱ्या कारणासाठी. ती खोल गेलेली दिसली आणि लंगोट बराच वेळ कोरडा राहिला, तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता १०–२० टक्क्यांवर येते. आपल्या चैत्रातल्या दुपारीसारखंच समजा. सहा महिन्यांखालच्या बाळाला तिथेही वरचं पाणी द्यायचं नाही, नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजायचं. आणि आईने मात्र भरपूर पाणी प्यायचं.

मावशीचा कापूस? त्रास पडद्याच्या आतल्या बाजूला आहे आणि कापूस बाहेरच्या. घराच्या मागच्या खोलीत धूर कोंडला असताना पुढचं दार लावून घेण्यासारखं ते आहे. कानटोपडं घालावं, पण ते थंडीसाठी.

झोपेच्या औषधाबद्दल मला जरा कडक बोलायचंय. सर्दी-खोकल्याच्या औषधाचं अर्धं टोपण पाजलं की बाळ प्रवासभर झोपतं, असा सल्ला चांगली शिकलेली माणसंही देतात. या औषधांनी काही मुलं उलट जास्त बिथरतात, आणि तान्ह्या बाळाचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. विरळ हवेत तर हा खेळ मुळीच नको.

५. भिगवणचे पाहुणे

मग किती दिवसांचं बाळ न्यावं? जागतिक आरोग्य संघटना पहिल्या ४८ तासांतल्या बाळाला विमानात नेऊ नये असं सांगते. विमान कंपन्यांची किमान वयाची अट वेगवेगळी असते, काही ठिकाणी डॉक्टरांचं पत्रही मागतात. डॉक्टर मात्र साधारणपणे म्हणतात, निकड नसेल तर दोन-तीन महिने थांबा. आपला सव्वा महिना त्याच वाटेवर पडतो.

थांबायचं कारण ऑक्सिजन. वरच्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं, पण हवाच पाऊण झाल्यामुळे एका श्वासात तो कमी येतो. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन काही टक्क्यांनी उतरतो आणि ते कळतही नाही.

इथे जरा भिगवणकडे वळू. हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांची गर्दी बघायला लोक लांबून येतात. त्याच पाण्याशी पट्टकादंब उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. तिबेट-मंगोलियाच्या बाजूला वाढून ते हिमालय ओलांडून येतात, आणि त्यांच्यात त्याच उन्हाळ्यात अंड्यातून निघालेली पिल्लंही असतात. इतक्या विरळ हवेत त्यांना जमतं कसं? कारणं बरीच आहेत, त्यातलं एक रक्तात आहे. त्यांचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं.

माणसाचं नवजात बाळही असंच काहीसं हिमोग्लोबिन घेऊन जन्मतं. पोटात असताना त्याला फुप्फुसांतून श्वास घ्यायचा नसतो. वारेतून, आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो, म्हणून त्याची पकड आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट असते. जन्मानंतर हे हिमोग्लोबिन हळूहळू बदलतं आणि सहाएक महिन्यांत जवळजवळ सगळं मोठ्यांसारखं होतं.

पण यावरून तान्हं बाळ म्हणजे छोटा पट्टकादंब, असं समजू नका. ऑक्सिजन कमी पडला की मोठा माणूस भराभर श्वास घेतो. अगदी लहान बाळाची ही यंत्रणा कच्ची असते, ते कधी कधी उलट मंद श्वास घेतं किंवा मध्ये थांबतं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, फुप्फुसांचा किंवा हृदयाचा त्रास असलेलं, काचेच्या पेटीत राहून आलेलं बाळ असेल, तर स्वतःच्या हिशेबाने ठरवू नये.

६. खरा धोका रस्त्यावर

बारामतीला धावपट्टी आहे, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं डोक्यावरून घरघरत जातात, पण तिथून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. बारामतीहून लोहगाव शंभरेक किलोमीटर, इंदापूरहून एकशेचाळीसच्या आसपास, आणि मुंबई गाठायची तर पुढे आणखी दीडशे. म्हणजे रात्रीच्या विमानासाठी दुपारी घर सोडायचं. भिगवण, पाटस, चौफुला, यवत, हडपसर, मग द्रुतगती मार्ग.

या प्रवासात सर्वांत धोक्याचा भाग कोणता, असं विचारलं तर माझं बोट या रस्त्यावर पडेल. आपल्याकडे बाळ आईच्या मांडीवर असतं, आणि आई बाहेरचं दिसावं म्हणून पुढच्या सीटवर. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीसमोर ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी आली आणि गाडी जागीच आपटली, तर क्षणभर बाळाचं वजन वीस-तीसपट झाल्यासारखं होतं. बाळ ६ किलोचं धरा. वीसपट म्हणजे १२० किलो, साखरेच्या दोन पोत्यांहून जास्त. तेवढं वजन हातात कोण धरून ठेवील? १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर दंडाची तरतूद २०१९च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत आहे, पण दंडापेक्षा ही दोन पोती लक्षात ठेवावीत. बाळाची सीट मागच्या बाजूला, तोंड मागे करून बसवायची आणि पाजायला गाडी थांबवायची. विमानतळापर्यंतची गाडी भाड्याची असेल तरी घरची सीट त्यात बसवता येते.

विमानात हेच गणित थोडं सौम्य रूपात असतं. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर नेता येतं, आणि आपल्याकडे आईच्या पट्ट्यात ओवायचा छोटा जोडपट्टा देतात. तो बाळाच्या पोटावरून लावायचा. आईचा पट्टा दोघांवरून एकत्र लावायचा नाही, कारण झटका बसला तर आईचं सगळं वजन बाळावर येईल. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत स्यू सिटीला एक विमान कोसळलं. त्यात चार मुलं मांडीवर बसून आली होती. तेव्हाच्या सूचनेप्रमाणे त्यांना पायांशी जमिनीवर ठेवायला सांगितलं गेलं. दोन आयांना आपली बाळं धरून ठेवता आली नाहीत, आणि चौघांतलं एक गेलं. बाळासाठी वेगळी जागा घेऊन त्यात मान्यताप्राप्त सीट बसवणं सर्वांत सुरक्षित, हे तेव्हापासून पुनःपुन्हा सांगितलं जातंय. ते महाग पडतं, हेही खरं.

लांबच्या मोठ्या विमानांत पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो. तो मोजकाच असतो, म्हणून तिकीट काढतानाच मागून ठेवावा, आणि बाळाच्या वजनाची मर्यादा विचारावी. विमान हेलकावे खाऊ लागलं, पट्ट्याचा दिवा लागला, की बाळ पाळण्यातून उचलून मांडीवर बांधायचं. झोपलेलं असलं तरी.

७. कागद, दूध, खोबरं

हे थोडक्यात उरकू. परदेशी जाणाऱ्या बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो, त्यासाठी जन्माचा दाखला, आणि दाखल्यासाठी २१ दिवसांत नोंद. फोटोच्या दिवशी टोपडं काढायचं, काजळाची तीट पुसायची आणि डोळे उघडे असताना फोटो मिळवायचा. या शेवटच्या कामाला अर्धा दिवस लागू शकतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. २००६मध्ये लंडनला उघडकीला आलेल्या कटानंतर हा नियम आला. बाळाचं दूध आणि खाणं प्रवासापुरतं न्यायला त्यातून सूट आहे, फक्त तपासणीच्या वेळी ते वेगळं काढून दाखवायचं.

आणि आजी, खोबऱ्याच्या वाट्या नकोत. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून ते हातातल्या पिशवीतही चालत नाही आणि सामानातही नाही. लेकीसाठी बांधलेल्या डब्यातून ते विमानतळावर काढायला लावतात तेव्हा दोघींचंही तोंड बघवत नाही.

८. जर्मनीतली पहिली रात्र

तीनएक महिन्यांपर्यंत बाळाला दिवसरात्रीचं नीट कळत नाही, ते भुकेच्या घड्याळावर चालतं. त्यामुळे अगदी तान्ह्याला वेळ बदलल्याचं फारसं काही वाटत नाही. चौथ्या महिन्यानंतर मात्र शरीरातलं घड्याळ लागायला लागतं, आणि ते इंदापूरच्या वेळेला लागलेलं असतं. दिवसा बाळाला उजेडात, जमलं तर बाहेर न्यायचं आणि रात्री दिवे मंद ठेवायचे, म्हणजे ते दिवसाला तासभर या बेताने सरकतं.

तोवरच्या चार-पाच रात्री काढाव्याच लागतात. हिवाळ्यात जर्मनी आपल्यामागे साडेचार तास असते. तिथे पहाटेचे तीन वाजलेले असतात, बाहेर काळोख, आईचे डोळे उघडत नाहीत, आणि बाळ टक्क जागं होऊन हातपाय झाडत खेळायला मागतं. इंदापुरात तेव्हा सकाळचे साडेसात. आजींचा पहिला चहा झालेला असतो, आणि फोन त्यांनी चार्जिंगवरून काढून आधीच हातात घेतलेला असतो.